वर्गासाठी ब्लॉग आणि इतर ऑनलाइन साधने: काय घ्यावे, काय सोडावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बडोद्यातील एका गुजराती माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवता आणि रविवारी सकाळी दांडिया बाजार परिसरात मराठी घरांतील मुलांसाठी मराठी वाचन-लेखनाचा वर्ग घेता. दोन्हीकडे ब्लॉग सुरू करावा असे आपल्या मनात आहे. त्याचा खरोखर उपयोग होतो का, त्याच्या जोडीला आणखी कोणती साधने घ्यावीत आणि शाळा व घर सांभाळून या कामाला आठवड्यातून किती वेळ द्यावा लागेल, असे आपण विचारले आहे. मी २४ वर्षे भाषा शिकवत आले आहे आणि त्यांतील ११ वर्षे वर्गासाठी ब्लॉग चालवत आहे. त्यांपैकी पहिला ब्लॉग साफ फसला, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

त्या पहिल्या ब्लॉगवर सगळे लेखन माझे होते. संधी, समास, प्रयोग, वृत्ते यांवर मी जवळजवळ साठ टिपणे लिहिली, त्यांना रंगीत चौकटी केल्या, प्रत्येक टिपणाखाली स्वाध्याय दिला. भेटींचा आकडा रोज थोडा थोडा वाढत होता आणि मला त्याचे समाधान वाटत होते. पुढे कुणीतरी दाखवले की, ब्लॉगर या गूगलच्या मोफत ब्लॉगसेवेत आपल्या स्वतःच्या भेटी मोजू नयेत अशी एक सोय असते. ती चालू केल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा शून्यावर आला. शिक्षकाने लिहायचा आणि मुलांनी वाचायचा ब्लॉग म्हणजे आणखी एक पाठ्यपुस्तक असते, आणि जी मुले हातातले पुस्तक उघडत नाहीत ती पडद्यावरचेही उघडत नाहीत. जी उघडतात त्यांना त्याची फारशी गरज नसते.

म्हणून रविवारच्या वर्गासाठी माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ब्लॉग मुलांनी लिहायचा आणि शिक्षकाखेरीज दुसऱ्या कुणीतरी तो वाचायचा, या अटीवर. ही अट मला कुठल्या प्रशिक्षणात कळली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोदा शहरात शिरले, त्यानंतरच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलाने लिहिले होते, ‘आमच्या भागात पूर आला. खूप पाणी आले. लोकांचे खूप हाल झाले. सर्वांनी एकमेकांना मदत केली.’ हा मजकूर वहीत आला असता तर मी ऱ्हस्व-दीर्घ तपासून खाली सही केली असती आणि विषय तिथेच संपला असता. ब्लॉगवर मात्र त्याच्या पुण्याच्या आत्याने खाली विचारले, ‘अरे, पाणी आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले होते? आणि आजीला वर कुणी नेले?’ पुढच्या रविवारी तो नवा मजकूर घेऊन आला. ‘पाणी पाचव्या पायरीवर थांबले. रात्रभर आम्ही बॅटरी घेऊन पायऱ्या मोजत होतो. आजीला बाबांनी आणि समोरच्या काकांनी खुर्चीसकट वर नेले. वर जाताना ती, गॅस बंद केला का, असे सारखे विचारत होती. सकाळी शेजारची मुले मगर आली, मगर आली म्हणून ओरडली, पण ते लाकूड निघाले.’

मुलगा तोच, शब्दसंपत्ती तीच आणि मध्ये गेलेले दिवस सात. ‘तपशील लिहा’ हा शेरा मी वर्षानुवर्षे वह्यांवर मारत आले होते आणि त्याने कुणाच्या लिखाणात तपशील आलेला मला आठवत नाही. पायरी कितवी, हा प्रश्न मला सुचला नाही, कारण त्या जिन्याशी माझे काही नाते नव्हते. आत्याचे होते, ती त्याच घरात लहानाची मोठी झाली होती. मुलाला उत्तर द्यावेसे वाटले ते त्यामुळे.

बडोद्याच्या मराठी घरांना या बाबतीत एक आयती सोय आहे. जवळजवळ प्रत्येक मुलाचा कुणी ना कुणी मामा, आत्या, मावशी किंवा आजोबा पुण्यात, मुंबईत, नागपुरात असतात आणि त्यांना बडोद्याच्या घराची चौकशी करण्यात मनापासून रस असतो. आपण पहिल्या महिन्यात दुसरे काही न करता प्रत्येक मुलामागे असे दोन वाचक ठरवून घ्यावेत. त्यांना आधीच सांगून ठेवावे की, ‘छान’, ‘सुंदर’, ‘शाब्बास’ एवढेच लिहून थांबायचे नाही, निदान एक प्रश्न विचारायचा. नुसती स्तुती आली की मूल खूश होते आणि लिखाण जिथे होते तिथेच राहते. शुद्धलेखनाच्या चुका सार्वजनिक टिप्पणीत दाखवायच्या नाहीत, हेही त्यांना सांगावे. एका आजोबांनी नातीच्या चार ओळींखाली अकरा दुरुस्त्या लिहिल्या होत्या, आणि त्या मुलीने पुढे तीन महिने एक अक्षर लिहिले नाही.

वाचक घरबसल्या मिळतात, पण ते आपणहून येत नाहीत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुढे १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना आणून त्यांनी ग्रंथालयांचे जे जाळे उभे केले त्यात फिरती वाचनालयेही होती. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात. शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला मिळाले नाही तर अक्षरओळख पुसली जाते, हा त्यामागचा विचार होता. मला त्यातली पेटीची युक्ती फार व्यवहारी वाटते. पेटी वाचकाच्या गावात जात असे. ब्लॉग मात्र वाचकाची वाट बघत बसतो. त्यामुळे नवीन लेख आला की त्याची लिंक त्या मुलाच्या दोन वाचकांना व्हॉट्सअॅपवर वेगळी पाठवावी लागते. सगळ्या गटाला एकच लिंक पाठवली तर प्रत्येकाला वाटते की बाकीचे वाचतील.

व्हॉट्सअॅपचा उपयोग मी एवढाच करते. त्यावर गृहपाठ मागवणे, तपासणे, चर्चा घडवणे हे सगळे मी करून पाहिले आहे. सुप्रभाताच्या फुलांखाली दोन दिवसांत सारे गाडले जाते.

लेख ब्लॉगवर जाण्याआधी त्याचा एक मसुदा झालाच पाहिजे, आणि तो कुठे करायचा हे मुलांवर सोडावे. काही वहीत लिहितात, काही गूगल डॉक्समध्ये. माझ्या दुरुस्त्या या टप्प्यावर होतात आणि त्या दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत. अलीकडे मी त्या लिहून देण्याऐवजी एका मिनिटाच्या आवाजी संदेशातून सांगते. लाल शाईने लिहिलेला ‘हे वाक्य तपासा’ हा शेरा आणि ‘हे वाक्य मला दोनदा वाचावे लागले, पाणी कुठून आले ते कळेना’ हे कानावर पडणे, यांत मुलांच्या लेखी बराच फरक असतो. शिवाय बोलायला लिहिण्यापेक्षा कमी वेळ लागतो. एका मसुद्यात मी दोनच गोष्टी सांगते. बाकीच्या चुका मला दिसतात आणि मी त्या तशाच जाऊ देते. हे भाषाशिक्षकाला फार जड जाते, याची मला कल्पना आहे.

मराठी टंकलेखनाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग ब्लॉग तिथेच अडतो. आपली मुले गुजराती माध्यमातली आहेत. हिंदीमुळे त्यांना देवनागरी वाचता येते, पण हाताने लिहिताना शिरोरेघ राहून जाते, कारण गुजरातीत ती नसते. फोनवर ती आपोआप येत असल्याने ही मुले वहीपेक्षा फोनवर अधिक बिनधास्त लिहितात, असा माझा अनुभव आहे. अडचण असते ती ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘सुऱ्या’ हे शब्द रोमन अक्षरांतून टंकले की पुष्कळदा ‘दुसर्या’, ‘पायर्या’ असे उमटतात, आणि मुलांना ते बरोबरच वाटते, कारण गुजरातीत आणि हिंदीत हा अर्धा र वेगळा काढत नाहीत. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत ज्या कळीवर ‘र’ आहे तिथेच शिफ्ट दाबून ‘ऱ’ मिळतो. त्याला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) जोडून ‘या’ लिहिला की अक्षर नीट उमटते. पहिल्या रविवारचा अर्धा तास यासाठीच ठेवावा. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी ही भाषा वेगळी जोडलेली आहे ना, हिंदीवर काम भागवलेले नाही ना, हे प्रत्येकाच्या हातातला फोन घेऊन पाहावे.

बोलून टंकण्याची सोय घरात मराठी बोलणाऱ्या पण लिहायला घाबरणाऱ्या मुलांसाठी चांगली आहे. तिचा कच्चा मजकूर मात्र तसाच घेता येत नाही. एका मुलीने ‘आजीने पुरण वाटलं’ असे सांगितले होते आणि फोनने ‘आजीने पूर्ण वाटलं’ असे लिहिले. आम्ही त्याचा पाठ केला: बोललेला मजकूर छापून मुलांना देते, त्यात विरामचिन्हे घालायची आणि यंत्राने काय चुकीचे ऐकले ते शोधायचे. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो हे मुलांना व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा या पुरणावरून पटले.

विषय निवडताना ‘माझा आवडता सण’ किंवा ‘मोबाइल: शाप की वरदान’ असे विषय टाळावेत. त्यांवर लिहिलेले यंत्राकडून आयते मिळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, त्यानंतरच्या वर्षी माझ्या वर्गात एकाच रविवारी चार मुलांच्या दिवाळीत ‘आनंदाचा आणि प्रकाशाचा उत्सव’ आला आणि चौघांच्याही घरी ‘विविध प्रकारचे फराळाचे पदार्थ’ झाले. यंत्राने लिहिलेले ओळखून देणाऱ्या यंत्रांवर माझा विश्वास नाही. ती प्रामाणिक मुलांनाही अडकवतात. त्यापेक्षा यंत्राला ठाऊक नसलेले विचारावे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सेव उसळीची गाडी आहे, तिथे रस्सा वाढण्यापूर्वी तो माणूस काय करतो? खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना आई मराठीतून गुजरातीत नेमकी कुठल्या शब्दावर जाते? या दुसऱ्या प्रश्नावर आठवीतल्या एका मुलीने लिहिले की, आई भाव गुजरातीत विचारते, पण महाग वाटले की ‘अगं बाई’ मराठीत म्हणते. असे काही कुठल्या यंत्राने लिहून दिले तर मी आनंदाने गुण देईन. डॉक्समध्ये लिहिणाऱ्यांच्या बाबतीत आवृत्त्यांचा इतिहास पाहता येतो. तीनशे शब्द एकाच क्षणी अवतरले असतील तर मुलाला जवळ बसवून दोन प्रश्न विचारावेत, एवढे पुरे होते.

वाचनासाठी आपल्याला स्वतः साहित्य तयार करण्याची गरज नाही. बालभारतीची मराठी पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो आणि मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. ब्लॉगवर कविता टाकायची असेल तर स्वामित्वहक्क पाहावा. आपल्या कायद्याप्रमाणे तो कवीच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. १९१८ मध्ये गेलेल्या बालकवींची किंवा १९४१ मध्ये गेलेल्या भा. रा. तांबे यांची कविता आपण पूर्ण देऊ शकता; अलीकडच्या कवींच्या बाबतीत अनुमती घ्यावी किंवा दोन ओळींवर थांबावे. मुलांनी गूगलवरून उचललेली छायाचित्रे तर मुळीच घेऊ नयेत. स्वतः काढलेले धूसर छायाचित्र चालेल.

आता विज्ञानाकडे वळते, कारण तिथे माझे उत्तर निराळे आहे. आठवीच्या विज्ञानाला ब्लॉग हे पहिले साधन नव्हे. तिथली मुख्य अडचण अशी असते की, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रश्न विचारला की पहिल्या दोन बाकांवरची पाच मुले उत्तर देतात आणि शिक्षकाला वाटते की वर्गाला समजले. हे मोडायला प्लिकर्स नावाचे साधन उत्तम आहे. त्यात फक्त शिक्षकाकडे फोन लागतो. प्रत्येक मुलाला छापील चौकोनी आकृतीचे एक कार्ड द्यायचे. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचे आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याने कोणते उत्तर धरले आहे ते चटकन ओळखता येत नाही, त्यामुळे नक्कल थांबते. शाळेत मुलांना फोन आणायला बंदी असते, तिथे ही फार मोठी सोय आहे.

माझ्या एका सहकाऱ्यांच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसून हे पाहिले आहे. त्यांनी टेबलावर बर्फाचे पाणी भरलेला स्टीलचा पेला ठेवला आणि बाहेरून साचलेले थेंब कुठून आले, असे विचारले. बाष्पीभवन आणि संघनन आदल्याच आठवड्यात शिकवून झाले होते, व्याख्या सगळ्यांना पाठ होत्या. कार्डे वर झाली तेव्हा निम्म्याहून अधिक वर्गाने पाणी पेल्यातून झिरपते हा पर्याय धरला होता. सरांनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालायला सांगितले. मागून एक मुलगा म्हणाला, ‘माठ झिरपतो, पण स्टील कसे झिरपेल?’ त्यानंतर पुन्हा कार्डे वर झाली आणि चित्र पालटले. माठ या गैरसमजुतीच्या मुळाशी असेल हे सरांच्या ध्यानात आले नव्हते आणि माझ्याही नव्हते. साधनाने केले एवढेच की, चूक कुठे आहे ते दुसऱ्या मिनिटाला दाखवले. पुढचे सगळे जुन्याच पद्धतीचे शिकवणे होते.

दुसरे साधन म्हणजे गूगल फॉर्म्स, म्हणजे फोनवर भरायची ऑनलाइन प्रश्नावली, आणि त्याचा उपयोग परीक्षा घेण्यापेक्षा आठवण करून देण्यासाठी करावा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मी प्रत्येक शिक्षकाला सांगते. काहींनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी तो एकदा वाचला आणि मग न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के आठवत होते. एका आठवड्याने मात्र दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर उतरले होते आणि आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर होते. आपली मुले परीक्षेच्या आदल्या रात्री धडा पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्यांना सगळे येते असे वाटते, ते या पाच मिनिटांच्या आकड्यामुळे. म्हणून आठवड्याला तीन प्रश्नांचा एक फॉर्म पाठवावा. त्यातला एक प्रश्न या आठवड्याचा, एक मागच्या महिन्यातला आणि एक मागच्या सत्रातला असावा. गुण नोंदवू नयेत. गुण आले की मोठा भाऊ उत्तरे देऊ लागतो.

फॉर्मची मुदत ठरवताना घरातल्या फोनचा विचार करावा. पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. तो रात्री आठ-साडेआठला घरी येतो. मी सुरुवातीला संध्याकाळी सहाची मुदत देत असे आणि उशिरा भरणाऱ्यांना बोलत असे. त्यांतल्या एकाच्या आईने कारण सांगितले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. आता मुदत नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी सातची असते.

प्रयोगांसाठी फेट (PhET) या संग्रहातली प्रतिरूपे, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग, पाहावीत. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. यांतली बरीच प्रतिरूपे मराठीतही आहेत, मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युत मंडलाचे प्रतिरूप वापरण्याआधी मुलांना पाटीवर किंवा वहीत अंदाज लिहायला लावावा: एकसर जोडणीतला एक दिवा काढला तर दुसऱ्याचे काय होईल? अंदाज न लिहिता थेट कळी दाबली की तो व्हिडिओ गेम होतो. ज्या गोष्टी खऱ्या वस्तूंनी होतात त्या मात्र प्रतिरूपाने करू नयेत. दोन सेल, थोडी तार आणि टॉर्चचा दिवा बाजारात सहज मिळतो.

व्हिडिओ स्वतः बनवण्याच्या फंदात आपण लगेच पडू नये. पाठ्यपुस्तकावरचे क्यूआर कोड आणि २०१७ मध्ये सुरू झालेले दीक्षा हे सरकारी ऑनलाइन शिक्षण व्यासपीठ यांवर पुष्कळ काही आहे. त्यातले निवडून द्यावे. करायचाच झाला तर छोटा करावा. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील व्हिडिओंच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास केला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे प्रेक्षक फार तर सहा मिनिटे टिकतात, असे दिसले. तेही स्वतःहून नाव नोंदवलेले प्रौढ विद्यार्थी होते. आपल्या चाळीस मिनिटांच्या ध्वनिचित्रित तासाचे काय होत असेल त्याचा अंदाज करावा.

विज्ञानासाठी ब्लॉग ठेवायचाच असेल तर तो निरीक्षणांची रोजनिशी म्हणून ठेवावा: कमाटी बागेतल्या एकाच झाडाची वर्षभराची नोंद, किंवा पावातल्या बुरशीचे सात दिवस. त्यात रोज एक छायाचित्र, तारीख आणि दोन वाक्ये पुरेत. आज काहीच बदल दिसला नाही, हीसुद्धा नोंद असते, हे मुलांना पटवायला वेळ लागतो.

सुरक्षिततेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी ते सांगितल्याशिवाय ब्लॉग सुरू करू नका असे म्हणेन. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या छायाचित्राखाली मी सर्व मुलांची पूर्ण नावे आणि इयत्ता लिहिली होती. एका वडिलांचा दोन दिवसांनी फोन आला. घरात न्यायालयीन वाद चालू होता आणि मुलगी कुठे शिकते हे काही लोकांना कळू नये अशी त्यांची इच्छा होती. ते रागावले नाहीत, याचे मला अधिक वाईट वाटले. तेव्हापासून ब्लॉगवर पहिले नाव किंवा मुलाने घेतलेले टोपणनाव, चेहरा दिसणार नाही असे छायाचित्र, आणि शाळा किंवा सोसायटी यांचा उल्लेख नाही, असा नियम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांची लेखी संमती घ्यावी आणि ती केव्हाही मागे घेता येईल असे त्यातच लिहावे. ब्लॉगरमध्ये वाचकांची यादी ठरवून ब्लॉग खासगी ठेवता येतो, शोधयंत्रांना तो दिसू नये असे करता येते आणि प्रत्येक टिप्पणी आपण मान्य केल्यावरच प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था करता येते. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. लहान मुलांची स्वतंत्र खाती उघडू नयेत. सगळे लेख आपल्याच खात्यातून प्रसिद्ध करावेत.

फुकट मिळणारी सेवा कायम राहील असे गृहीत धरू नये. वर्गाने मिळून पाने लिहिण्याची, शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली विकिस्पेसेस ही सेवा २०१८ मध्ये वर्गांसाठी बंद झाली, गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस गेला. माझ्याही वर्गाचे दोन वर्षांचे लेखन अशाच एका सेवेबरोबर गेले, कारण बंद होण्याची सूचना मी वापरत नसलेल्या ईमेलवर आली होती. आता दर सत्राअखेर ब्लॉगचा बॅकअप उतरवून घेते आणि निवडक लेख छापून, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल घालून, त्याची एक प्रत वर्गाच्या कपाटात ठेवते. आजीआजोबा ती प्रत ब्लॉगपेक्षा अधिक वाचतात.

राहिला वेळेचा प्रश्न. माझ्या रविवारच्या वर्गात २४ मुले आहेत. त्यांचे चार गट केले आहेत आणि दर आठवड्याला एकच गट लिहितो, म्हणजे सहा मसुदे येतात. एका मसुद्याचे वाचन आणि आवाजी संदेश मिळून दहा मिनिटे जातात, असा एक तास. टिप्पण्या मान्य करणे आणि लिंका पाठवणे यांत आणखी अर्धा तास. विज्ञानाचा तीन प्रश्नांचा फॉर्म करायला आणि त्याचे निकाल पाहायला अर्धा तास धरावा. एकूण दोन तास झाले. यापेक्षा जास्त वेळ जात असेल तर तो सजावटीत जात आहे असे समजावे, आणि दोन्हीकडे एकदम सुरुवात करू नये. जूनमध्ये शाळेत फक्त कार्डे आणि फॉर्म सुरू करावेत, कारण त्यांना कुणाची वाट पाहावी लागत नाही. रविवारचा ब्लॉग गणपतीनंतर सुरू करावा. तोवर वाचक ठरवून होतात, संमतिपत्रे जमतात, कीबोर्ड जुळलेले असतात आणि मुलांकडे लिहायला आरतीपासून विसर्जनापर्यंत बरेच काही साठलेले असते. फेब्रुवारीच्या मध्यापासून परीक्षा संपेपर्यंत तो बंद ठेवावा आणि तसे ब्लॉगच्या माथ्यावर तारखेसह लिहावे, म्हणजे पुण्याच्या आत्यांचे ‘नवीन काही का नाही?’ असे फोन येत नाहीत.